हाडाला कोणी विचारलं नव्हतं

डॉक्टर, तुमच्या दहाव्याला मी पांझरेच्या काठावर आलो होतो. लोकांच्या मागे, बाभळीखाली उभा राहिलो. पुढे आलो नाही. पण तुमच्या बाईंनी मला पाहिलंच. तीन दिवसांनी त्यांचा निरोप आला, "साहेबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढतोय, नानांनी दोन शब्द लिहून द्यावेत." माझं दोन शब्दांत भागणार नाही हे त्यांना माहीत असणार. मी लिहितोय ते छापायचं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

बाकीचे लिहितील की तुम्ही देवमाणूस होता. मी नाही लिहिणार. देवमाणसाशी भांडता येत नाही, आणि तुमच्याशी मी दहा वर्षं भांडलो. माझा राग अजून गेलेला नाही. आपलं भांडण अर्धं असताना तुम्ही उठून गेलात, याचा तर जास्तच आलाय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण पुस्तिका वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. मी बैलांचा व्यापारी, शिंदखेड्याकडचा. शाळा सातवीपर्यंत. दुसऱ्यांचे बैल हाकत चाळीसगावच्या बाजारापर्यंत पायी जाणं, इथून माझी सुरुवात झाली. पुढे त्याच बाजारात माझी स्वतःची दावण झाली. बापाचं काही नव्हतं, भावानं काही दिलं नाही. जे केलं ते डोळ्यांनी आणि तोंडानं केलं. बैलाच्या चार पावलांवरून त्याचं वय, त्याची खोड आणि त्याच्या मालकाची गरज मला कळते.

दहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या बाजारात ट्रकमधून जोडी उतरवताना फळी सरकली आणि एक निमाडी बैल माझ्या उजव्या नडगीवर आला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "नशीब, कातडी फाटली नाही. सरळ बसवतो, प्लास्टर घालतो, जुळेल." तुमच्याबद्दल माझी पहिली तक्रार तिथूनच आहे. "जुळेल" म्हणालात. मी त्याला पक्का शब्द समजलो.

आता मी काय केलं ते लिहितो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. फक्त माझ्या बायकोला, इंदूला, माहीत आहे, कारण दिवा तिनंच धरला होता.

बाजारात पाय लांब करून बसलेला व्यापारी म्हणजे अडलेला व्यापारी. गिऱ्हाईक आधी त्याच्या प्लास्टरकडे बघतं, मग बैलाकडे, आणि मग असा भाव सांगतं की कानशिलं तापतात. शिवाय बैल विकायचा तर दावं धरून त्याला चालवून दाखवावा लागतो. ते मालकानंच करायचं असतं. दुसऱ्यानं चालवला की लोक म्हणतात, बैलात खोड आहे. म्हणून दर बाजाराच्या पहाटे मी खूर तासायच्या सुरीनं प्लास्टर दोन्ही बाजूंनी उभं चिरायचो, शेंगेसारखं उघडायचो, नडगीला धोतराची पट्टी घट्ट गुंडाळायचो आणि बाजारात उभा राहायचो. संध्याकाळी ती दोन टरफलं पुन्हा पायावर बसवून सुतळीनं बांधायची. इंदू म्हणायची, "पाय मोडेल बैलनं तुम्ही काय करतस, ते माले माहीत शे. तुम्हले कोन इकत लेई?" मी तिच्यावर ओरडायचो. दिवा हलायचा.

तुमच्याकडे तपासणीला आलो की तुम्ही त्या कडांवरून बोट फिरवायचात.

"प्लास्टर फुटलं का, नाना?"

"फुटलं."

"सरळ रेषेत फुटलं."

"असंल."

बस. एवढंच. तुम्ही नवीन प्लास्टर घालायचात. असं तीनदा झालं. तुम्हाला कळलं होतं हे मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुम्हाला. मग बोलला का नाहीत? मी असतो तर सगळ्या दवाखान्यासमोर त्या माणसाची कातडी सोलली असती. एकदा ओरडला असतात, तर मी दोन शब्द उलट बोललो असतो, आणि मोकळा झालो असतो. हातात एवढं मोठं पान असून ते न टाकणाऱ्या माणसाशी मला खेळता येत नाही.

चौदा महिने झाले तरी हाड जुळलं नाही. पाय टेकला की मोडल्या जागी बारीक लचकायचा, जिथे सांधा नसावा तिथे सांधा झाल्यासारखा. मला वाटलं, हाड मेलं. माझ्या धंद्यात पाय मोडलेल्या बैलाचा सौदा होत नाही, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा होतो.

त्या दिवशी तुम्ही एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरलीत. एवढे खूश होता की मला संताप आला.

"बघा, नाना. दोन्ही टोकं कशी फुललीत. हत्तीच्या पायासारखी."

"मेलेलं फुगतंच. बैल मेल्यावर फुगतो."

"हाड नाही फुगत. मेलेली टोकं पेन्सिलीसारखी निमुळती होतात. मग दुसरीकडून, कमरेतून हाड आणून घालावं लागतं. ही टोकं प्रयत्न करतायत. मधल्या फटीत जे आहे ना, ते कानाच्या वरच्या भागासारखं, दाबून बघा, लवचीक. त्यात जिवंत पेशी आहेत. त्यांना हाड करता येतं. त्या हाड करायलाच बसल्यात."

"चौदा महिने बसल्यात? करता येतं तर करत का नाहीत?"

"हलतंय म्हणून. रोज थोडं विणतात, रोज ते उसवतं. समजा, एक चांगला बैल आहे, पण त्याला रोज दुसऱ्या गायीबरोबर जुंपला—"

"बैलाला गायीबरोबर जुंपत नाहीत, डॉक्टर."

तुम्ही जळगावच्या मास्तरांच्या घरातले. तुम्हाला गोऱ्हा आणि बैल यातला फरक कळत नव्हता, तरी माझ्यासाठी कायम बैलाचीच उदाहरणं द्यायचात आणि कायम चुकायचात. मी प्रत्येक वेळी चिडायचो. आता घरात कोणी चुकीचं बोललं की मी ते दुरुस्त करतो आणि मध्येच थांबतो.

ऑपरेशन करायचं, धातूची पट्टी आणि स्क्रू घालून दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसवायची, आणि मग सोळा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, असं तुमचं म्हणणं. सोळा आठवडे म्हणजे सोळा बाजार. मी म्हटलं, "तोंडी बोलीवर माझा विश्वास नाही. टॉवेल द्या." तुमची सिस्टर हसायला लागली. आमच्याकडे बैलाचा भाव उघड सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खालून बोटं धरायची. जेवढी बोटं धराल तेवढा आकडा. बघणाऱ्याला काही कळत नाही. तुमचा हात टॉवेलखाली घेतला आणि मी तुमची चार बोटं दोनदा धरली. आठ. तुम्ही गोंधळून माझा अंगठा धरलात. मी म्हटलं, "एक? एक आठवडा म्हणताय? पटलं." सिस्टरच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणं चाललं. शेवटी बारावर हात मारला. मला वाटलं, मी जिंकलो.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत सुई दिली होती. खालचं काही कळत नव्हतं, पण कान जागे होते. मध्ये हिरवा पडदा. हत्यारांचा आवाज. मग तुमच्या असिस्टंटचा आवाज आला, "सर, फटीत बरंच आहे. काढू?"

आणि तुमचा, अगदी सावकाश. "नको. काढू नकोस. राहू दे."

"सगळं?"

"सगळं. फक्त दाबून बसव."

डॉक्टर, त्या पडद्याच्या अलीकडे माझी काय हालत झाली असेल? बैलाच्या खुरात काही कुजलं की आम्ही लाल रक्त दिसेपर्यंत तासतो. एक कणही ठेवत नाही. ठेवला तर बैल गेला. आयुष्यभर मी हे केलंय, त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. आणि इथे माझ्या उघड्या पायात यांना डोळ्यांसमोर घाण दिसतेय आणि हा माणूस म्हणतो, राहू दे. मला ओरडायचं होतं. छताचा दिवा बघत पडून राहिलो आणि मनात तुमच्या नावानं काय काय म्हटलं, ते बाईंच्या पुस्तिकेत लिहिता येणार नाही.

बारा आठवडे मी शब्द पाळला. खरंच पाळला. इंदूनं सुरी माळ्यावर टाकली होती. बारा झाले आणि तुमच्याकडे आलो. फिल्म काढली. फट होती तिथेच होती. थोडी धूसर झाली होती, एवढंच.

"छान," तुम्ही म्हणालात. "भरतंय."

"काय भरतंय? बारा ठरले होते."

"ठरले होते. बोली तुमची-माझी झाली, नाना. हाडाला कोणी विचारलं नव्हतं."

तुम्ही हसून म्हणालात. बाहेर बाकावर वीस माणसं होती. त्यांतली निम्मी आमच्या बाजूची. मी कुबडी आपटली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माझ्या पायात घाण ठेवली यानं. मी जागा होतो. माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाला, राहू दे." तुमचा असिस्टंट काही सांगायला पुढे झाला. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. परत तेच. मी दारातून बाहेर पडेपर्यंत तुम्ही हातात फिल्म धरून उभे होता.

पुढच्या बाजारापासून मी तोंड सोडलं. शिंदखेडा, चाळीसगाव, भडगावच्या बाजूची गावं, जिथे माझी दावण तिथे माझी गोष्ट. कुबडी शेजारी उभी करायची आणि सांगायचं. आता अडलेला दिसायची लाज वाटत नव्हती, कारण दोष दुसऱ्याचा होता. बैल विकणाऱ्याला गोष्ट सांगता येते. मी ती चांगली सांगितली. आमच्या बाजूची माणसं तुमच्याकडे जायची कमी झाली. हे मला तेव्हाच कळलं होतं. कोणाचा हात मोडला की लोक धुळ्याला उतरून तुमच्या दवाखान्यावरून पुढे जायचे.

आणि मग ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात तुम्ही माझ्या घरी आलात. एस.टी.नं आलात, कारण तुमची स्कूटर बंद होती. स्टँडपासून उन्हात चालत. मी ओट्यावर बसलो होतो. इंदू आतून म्हणाली, "कोन शे?"

तुम्ही पायाशी बसलात. नडगी दोन्ही हातांत धरून हळूच वाकवून पाहिलीत.

"बाजारात काय काय सांगता, ऐकलं मी," तुम्ही म्हणालात.

मी तयार होतो. म्हटलं, आता. आता प्लास्टरचं काढेल, सुरीचं काढेल. माझी उलट उत्तरं ओठांवर होती.

"पण पाय टेकून सांगत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग सांगा."

चहा प्यालात. निघताना खिशातला रुमाल काढलात, आपल्या दोघांच्या हातांवर टाकलात आणि खालून माझी चार बोटं धरलीत. सोडलीत. परत चार. या वेळी बरोबर धरलीत. तेवढ्या दिवसांत कुठे शिकला होता, कोणाकडून, कधी सांगितलं नाहीत. मी उलटी बोली केली नाही. माझ्या आयुष्यातला तो एकच सौदा, ज्यात मी पहिल्या आकड्याला हो म्हटलं.

आठ आठवड्यांनी इंदूनं मला जवळजवळ ओढत आणलं. तुम्ही फिल्म खिडकीला धरलीत. फट नव्हती. जिथे काळी रेघ होती तिथे पांढरं होतं, आजूबाजूच्या हाडापेक्षाही जाड, गाठीसारखं. तुम्ही माझा अंगठा धरून पायावरच्या त्या जागी दाबलात. दगड.

"कमरेतून हाड घेतलं नाही. बाहेरून काही घातलं नाही," तुम्ही म्हणालात. "जे होतं तेच हाड झालं. त्या दिवशी काढून टाकलं असतं, तर आज तिथे पोकळी असती."

"आधी का सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही भाव करत होता."

तिथल्या तिथे मी तुमचे पाय धरायला हवे होते. निदान पुढच्या बाजारात कुबडीशिवाय उभं राहून सांगायला हवं होतं की मी खोटं बोललो. नाही सांगितलं. बाजारात बोललेलं मागे घेतलं की पुढच्या बोलीला कोणी विचारत नाही, असं मी स्वतःला समजावलं. लोकांनी माझा पाय पाहिला. विचारलं, तर मी म्हणायचो, "कष्टानं बरा केला." कोणाच्या कष्टानं, ते गाळायचं.

आपलं भांडण मात्र चालूच राहिलं. दोन वर्षांनी तुम्ही म्हणालात, पट्टी काढू, आता तिचं काम नाही. मी म्हटलं, "राहू दे." तुम्हाला कळलं मी तुमचाच शब्द तुम्हाला परत देतोय. तेव्हापासून दर भेटीत तेच. तुम्ही म्हणायचात काढू, मी म्हणायचो राहू दे. थंडीत तिथे दुखतं, ती पट्टीच दुखते, असं तुम्ही सांगायचात. मी म्हणायचो, तुमचं हाड दुखतंय. त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी तुमच्या खुर्चीसमोर बसता यायचं, हे मी आता लिहितोय. तेव्हा मला वाटायचं, मी अडून बसलोय.

शेवटचा आलो तो पोळ्यानंतर. तुम्हाला बोलताना धाप लागत होती. दवाखाना बंद होता, तुम्ही घरी गादीवर. मी घरून ठरवून आलो होतो. स्टँडपासून तुमच्या दारापर्यंत तीच वाक्यं घोकत आलो. "प्लास्टर मी चिरलं. घाणीचं मी खोटं सांगितलं. माझ्यामुळे लोक तुमच्याकडे आले नाहीत." तीन वाक्यं. बैलाची जोडी खपवायला याहून जास्त लागतात.

तुम्ही मला बसवलंत आणि तुमच्या पेशी सुरू केल्यात. कुठेतरी वाचलं होतंत, म्हणालात, मोठ्या ठिकाणी आता न जुळलेल्या हाडाच्या फटीतलं काढून काचेच्या बशीत वाढवून बघायला लागलेत, त्यात हाड करायचं बळ किती उरलेलं असतं ते. "आपण बघितलं होतं ना, नाना? तुमच्या पायात." आपण, म्हणालात. जसा काही मीही त्यात भागीदार होतो. मग एक-एक शब्द घेत म्हणालात, "समजा एक बैल आहे, थकलेला, पण त्याला जर एकदा मोकळं सोडलं—"

"मोकळं सोडून बैल काम करत नाही, डॉक्टर," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. खोकला आला. बाई पाणी घेऊन आल्या. मी उठलो. ती तीन वाक्यं तशीच परत आणली.

तुमचा दहावा झाल्यावर आज मी बाजारात गेलो. भडगावच्या बाजूचा एक शेतकरी जोडी बघत होता, पण लक्ष जोडीत नव्हतं. त्याच्या बायकोचा दंड मोडून वर्ष झालं होतं. जुळत नव्हता. ती मागे झाडाखाली बसली होती, हात पदरात धरून.

"नाना, तुम्हीच सांगेत ना," तो म्हणाला, "धुयाना त्या डाक्टरनी पायमा घाण ठी दिन्ही? म्हनून आम्ही तथा गऊतच नही."

तिच्याकडे पाहिलं. पदराखालचा हात तिनं दुसऱ्या हातानं असा धरला होता, की तो हलू नये.

मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. भर बाजारात. त्याचा अंगठा धरला आणि नडगीवरच्या त्या गाठीवर ठेवला.

"दाब."

त्यानं दाबलं.

"जोरमा दाब. काय लागस?"

"दगडसारखं. कडक शे."

"हीच ती घाण शे," मी म्हटलं. "पाय बिघाडा तो मी. प्लास्टर मी चिरं. डाक्टरनी जे ठेवं, त्यानाच पाय झाया."

आजूबाजूला माणसं जमली होती. ओळखीचे व्यापारी होते. कोणी हसलं नाही. त्यानं अंगठा काढला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "ऊठ वं." आणि मला विचारलं, "तो डाक्टर कोठे बसस, नाना? आजच जातस."

डॉक्टर, तुमचा दहावा होऊन गेला, हे मला त्याला भर बाजारात सांगावं लागलं.

उद्या सकाळी मी त्या दोघांना घेऊन धुळ्याला येतोय. त्या दिवशी पडद्यामागे "काढू?" असं विचारणारा तुमचा असिस्टंट आता स्वतःच्या दवाखान्यात बसतो. त्याच्याकडे नेणार. त्यानं तिची फिल्म उजेडाला धरली की मी विचारणार आहे, टोकं फुललीत की निमुळती झालीत. मला एवढंच विचारता येतं. त्याच्या पुढचं तुम्ही सांगायचं होतं.